मनोऱ्याशेजारचे गवती छप्पर

शांघायच्या नैर्ऋत्येस सोंगच्यांग नावाचा जो जुना मुलूख आहे, आणि शांघाय हे मासेमारांचे खेडे असताना आपण भरभराटीचे गाव होतो याचा ज्याला रास्त अभिमान आहे, तेथे सोंग राजवटीत, म्हणजे इसवी सनाच्या अकराव्या शतकात, उभारलेला नऊ मजल्यांचा एक चौकोनी मनोरा अद्यापि उभा आहे. त्याच्या पुढ्यात मिंग राजवटीच्या प्रारंभी, १३७० साली, बांधलेली विटांची एक पडदाभिंत आहे. जगातली सारी रत्ने पायाशी लोळत असताना सूर्यालाही गिळू पाहणारा एक हावरट पशू तिच्यावर कोरलेला आहे, आणि जुन्या काळचे अंमलदार तिच्यासमोरून जाताना मनात काय म्हणत असतील याचा विचार केल्यावाचून राहवत नाही. या दोन वास्तूंभोवती सार्वजनिक उद्यान करावे असे १९७८ साली ठरले, तेव्हा ते काम थोंगची विद्यापीठातील वास्तुविशारद फेंग जीझोंग (१९१५–२००९) यांच्याकडे सोपविण्यात आले. फेंग यांचे शिक्षण व्हिएन्नात झालेले. युरोपातल्या नव्या वास्तुशास्त्राचे संस्कार पुरते पचवून ते स्वदेशी परतलेले. फांगता उद्यान या नावाने ती बाग लोकांसाठी खुली झाली, आणि पुढे १९८६ च्या सुमारास तिच्या आग्नेय भागात, पाणी आणि बांबूचे बन यांच्या सान्निध्यात, चहापानासाठी त्यांनी एक मंडप उभारला. हे लौ श्युआन असे त्याचे नाव. खांब बांबूचे, वासे बांबूचे, आणि वर गवताचे छप्पर.

हा मंडप माझ्या परिचयाच्या दोन गृहस्थांनी पाहिला आहे आणि त्यावर त्यांचे एकमत होण्याचा संभव अजिबात नाही. एक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले कार्यकारी अभियंता. त्यांना सगळे रावसाहेब म्हणतात. दुसरे वास्तुकलेचे अध्यापन करण्यात ज्यांचे आयुष्य गेले ते आमचे आचार्य. दोघांचा वाद मी जवळून ऐकला आहे, आणि तो येथे उतरवून घेताना मी कोणाची बाजू घेतलीच नाही असा दावा करणार नाही.

रावसाहेब : माझा आक्षेप त्या एका चहाघरावर नाही, आचार्य, त्यामागच्या समजुतीवर आहे. सूचौच्या ज्या बागांचे आपण पोवाडे गाता, त्या होत्या कोणासाठी? चुओचेंग युआन ही त्यांतली सर्वांत नामांकित. सोळाव्या शतकाच्या आरंभी, दरबारी नोकरीला विटून घरी परतलेल्या वांग श्येनचेन नावाच्या एका अधिकाऱ्याने ती करविली. उंच भिंतीच्या आड, एका कुटुंबाच्या आणि त्याच्या चार कविमित्रांच्या मनोविनोदासाठी केलेली ती रचना. पाण्यावरचे पूल अरुंद आणि नागमोडी, कठडे घोट्याला लागतील एवढे ठेंगणे, कारण त्यांवरून चालणारा माणूस एकटा आणि सावकाश चालणार हे गृहीतच धरलेले. १९९७ साली युनेस्कोने या बागा जागतिक वारशात घेतल्या, तेव्हापासून त्याच पुलांवर माणसांची रांग लागते आणि मागच्याचा धक्का पुढच्याला बसतो. हे जे चारचौघांसाठी केलेले, त्याचा नमुना हजारोंच्या उद्यानात का आणायचा? सार्वजनिक बागेला सावली हवी, बाक हवेत, पिण्याचे पाणी हवे, पावसाळ्यात निचरा हवा. कविमित्र नकोत.

आचार्य : सावली आणि बाक यांखेरीज थिंगमध्ये, म्हणजे त्या चहूबाजूंनी मोकळ्या मंडपात, दुसरे असते तरी काय, रावसाहेब? खांबांवर छप्पर आणि खांबांच्या दरम्यान बसण्याची फळी, एवढाच तिचा ऐवज. भिंत नाही, दार नाही, कुलूप नाही. चालणाऱ्याला थांबविणे आणि थांबलेल्याला एका विवक्षित दिशेने पाहायला लावणे, हे तिचे काम. आणि नमुन्याचे म्हणाल तर बागेच्या रचनेवरचा चीनमधला जो आद्य ग्रंथ, जी चेंगचा ‘युआन ये’, जो सतराव्या शतकात १६३० च्या दशकात सिद्ध झाला, त्यात मंडपाचा आकार ठरलेला नाही असेच स्वच्छ सांगितले आहे. त्रिकोणी करा, षट्कोनी करा, फुलाच्या पाकळ्यांसारखा करा, जागेला शोभले म्हणजे झाले. मात्र तो कोठे बसवायचा, पाण्याच्या किती निकट, कोणत्या उंचवट्यावर, कोणत्या दृश्यासमोर, याविषयी तो ग्रंथकार कमालीचा काटेकोर आहे. भिंतीबाहेरचा डोंगर किंवा मनोरा आपल्या बागेत उसना घ्यावा ही त्याचीच शिकवण. आपण ज्या चुओचेंग युआनची निंदा केलीत, तिच्या तळ्याच्या टोकाशी उभे राहिले की बाहेरच्या पेसी मंदिराचा मनोरा आतल्या झाडांच्या मधोमध उगवल्यासारखा दिसतो. परंपरेने आकाराबाबत मोकळीक दिली आणि स्थानाबाबत बंधन घातले. आपल्या काळातल्या नकलाकारांनी नेमके उलट केले, हा काय जी चेंगचा दोष?

नकलाकारांचा विषय निघताच रावसाहेब खुलले. ज्याचा आयुष्यभर अनुभव घेतला त्या क्षेत्रात ते आता शिरले होते, आणि त्या संध्याकाळचे त्यांचे सर्वांत सकस बोलणे हेच होते असे मला वाटते.

रावसाहेब : त्या नकला मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. गावोगावच्या सरकारी बागांत काँक्रीटचा षट्कोनी मंडप, कोपरे वर वळविलेले, वर हिरवी किंवा पिवळी चकचकीत कौले. चिनी लाकडी बांधणीत तुळईखाली जे एकावर एक रचलेले ठोकळे आणि आडवे हात असतात, त्यांना प्रयोजन होते. वळचण भिंतीपासून लांबवर पुढे नेली तरच लाकूड आणि माती पावसापासून वाचते. एवढ्या पुढे आलेल्या छपराचा भार खांबावर आणून सोडायचा तर असे पायरीपायरीने बाहेर सरकणारे सांधे लागतात, आणि ते खिळ्यांनी ठोकलेले नसल्यामुळे भूकंपात थोडे हलतात पण मोडत नाहीत. ही बुद्धिमत्ता आहे. तिला मी मुजरा करतो. पण तोच आकार साच्यात ओतून एकसंध काँक्रीटचा केला, म्हणजे तो भारही वाहत नाही, हलतही नाही. पोलादाच्या सळ्या आत आपले काम निमूट करतात आणि बाहेरचा ठोकळा नुसता मिरवतो. इमारतींवर जुन्या पद्धतीची भव्य छपरे चढविण्याच्या हव्यासावर १९५५ साली चीनच्या सरकारने उधळपट्टी म्हणून तुटून टीका केली आणि लिआंग सिचेंग यांच्यासारख्या थोर अभ्यासकालाही त्या टीकेचे धनी व्हावे लागले, हे मला माहीत आहे. माणसावर झालेला अन्याय मला मान्य नाही. जमाखर्चाचा मुद्दा मात्र बिनतोड होता.

आचार्य : तो मीही खोडत नाही. म्हणून तर मी फेंग यांच्याकडे वळतो. मनोरा सोंग काळाचा, म्हणून सभोवती सोंगकालीन धाटणीचे दरवाजे आणि सोंगकालीन धाटणीचे सज्जे उभारा, असा सोपा मार्ग त्यांना मोकळा होता आणि खात्यातून त्याला मंजुरीही लगेच मिळाली असती. त्यांनी काय केले? उत्तरेच्या प्रवेशद्वाराला पोलादाच्या सडपातळ कैच्या दिल्या आणि त्यांवर साधी करडी कौले घातली. मनोऱ्याकडे जाणारी वाट एका जागी जमिनीच्या पोटातून नेली, दोन्ही बाजूंना दगडी बांध, वर झाडे. तेवढ्या अंतरात मनोरा दिसत नाही आणि म्हणून पुढे दिसतो तेव्हा अधिक उंच दिसतो. मनोरा आणि पडदाभिंत एका सरळ रेषेत नाहीत. त्यांनी त्या रेषेत आणण्याचा आटापिटा केला नाही, त्या तिरकेपणालाच मोकळे अंगण दिले. सोंग काळाची एकही वस्तू त्यांनी नव्याने घडविली नाही. त्या काळाच्या चित्रांत जो ऐसपैसपणा आणि जो संयम आहे, तेवढा उचलला.

रावसाहेब : आणि चहाघरात?

आचार्य : चहाघरात ते आणखी पुढे गेले. जमीन पाहा. एकाच आयताकृती जोत्याऐवजी त्यांनी तीन जोती केली आणि ती क्रमाने तीस-तीस अंशांनी वळवून एकमेकांशी भिडविली, त्यामुळे त्या मंडपाला पुढची बाजू आणि मागची बाजू असे काही उरलेच नाही. यजमानाचे आसन कोठे आणि पाहुण्याचे कोठे, हे जमीन सांगत नाही. त्यांवर एकच विस्तीर्ण छप्पर तरंगते, आणि त्याची वळचण इतकी खाली उतरते की बसलेल्या माणसाला आकाश दिसत नाही, पाणी दिसते, समोरचा काठ दिसतो, बांबूचे बुंधे दिसतात. सभोवार कमानदार वळणाच्या काही विटांच्या भिंती सुट्या सोडल्या आहेत, कोणाचाही आधार न घेता उभ्या. त्यांवर ऊन सकाळी एका अंगाने चढते, दुपारी दुसऱ्या अंगाने. जुन्या बागांत स्थान बदलले की दृश्य बदलते, पाहणारा हलतो. येथे पाहणारा चहाचा पेला घेऊन बसलेला आहे आणि सावली हलते आहे. या माणसाने परंपरेचा आकार टाकून दिला आणि तिची युक्ती उलटी करून वापरली. याला आपण नक्कल म्हणाल?

रावसाहेब : नक्कल नव्हे. पण एक अप्रामाणिकपणा आहे, आणि तो मला खुपतो. बांबूचे जेथे सांधे जुळतात तेथे त्यांनी काळा रंग दिला आणि मधल्या भागाला पांढरा. का? तर छपराखालच्या अंधारात काळे सांधे विरघळून जावेत आणि पांढरे तुकडे अधांतरी असल्यासारखे दिसावेत. अहो, सांधा म्हणजे बांधकामाचा कणा. भार कोठून कोठे जातो हे तेथे कळते. अभियंता ज्या जागेवर बोट ठेवून म्हणतो की येथे पाहा, नेमकी तीच जागा हे गृहस्थ झाकून टाकतात! काँक्रीटच्या खोट्या ठोकळ्याला आपण नावे ठेवली; मग ही खऱ्या सांध्याची लपवाछपवी कोणत्या न्यायाने माफ करायची?

आचार्य : लपविलेले नाही, रावसाहेब. हात लावा, सांधा तेथेच आहे. एकटक पाहिले की दिसतो, नजर सैल सोडली की नाहीसा होतो. इतके जड छप्पर कशावर उभे आहे याचा क्षणभर विसर पडावा, एवढीच त्यातली करामत. नाटकातला नट मुखवटा चढवतो तेव्हा तो लबाडी करीत नसतो.

येथे मला रावसाहेबांचे म्हणणे अधिक पटते. मुखवट्याचा दाखला ऐकायला बरा लागतो, पण नटाच्या मुखवट्यावर छपराचा भार नसतो. तथापि हेही सांगितले पाहिजे की त्या रंगाच्या युक्तीवाचून ते छप्पर, वाशांच्या दाटीमुळे, माणसाच्या डोक्यावर आल्यासारखे वाटले असते. आणि जेथे वृद्ध मंडळी घटकान् घटका बसणार तेथे ही गोष्ट गौण नव्हे.

रावसाहेबांनी मग आपला राखून ठेवलेला साक्षीदार पुढे आणला.

रावसाहेब : आपल्याला परदेशी टीकाकार चालत नसेल तर घरचाच घ्या. दिवंगत उद्यानरचनाकार यू कोंगच्यान, चच्यांग प्रांतातल्या शेतकऱ्याच्या घरचा मुलगा, हार्वर्डला शिकून पेकिंग विद्यापीठात प्राध्यापक झालेला. त्यांनी या अभिजात बागांच्या सौंदर्यदृष्टीची तुलना चिनी स्त्रियांच्या बांधून लहान केलेल्या पावलांशी केली! जे धडधाकट आणि उपयोगी ते गावंढळ ठरवायचे आणि जे मुरडून निकामी केले त्याला नाजूक म्हणून गौरवायचे, हा त्या तुलनेचा आशय. मुरगळलेली झाडे, भोके पडलेले दगड आणि शोभेचे मासे यांनी शहराचा पूर ओसरत नाही. त्यांनी काय केले ते पाहा. क्वांगतुंग प्रांतातल्या झोंगशान शहरात १९५३ पासून चाललेला जहाजबांधणीचा कारखाना १९९९ साली बंद पडला; त्या सुमारे ११ हेक्टर जागेवर २००१ मध्ये उद्यान झाले, आणि त्यात गोद्या, याऱ्या, रूळ, पाण्याचे बुरूज हे सारे जागच्या जागी राखून ठेवले. एकही वळलेला कोपरा नाही, एकही तळ्यातला दगड नाही. शांघायच्या होउथान उद्यानात तर त्यांनी हुआंगपू नदीचे घाण पाणी पाणथळीतल्या वनस्पतींतून फिरवून रोज २,४०० घनमीटर स्वच्छ करून दाखविले. लोकांची बाग म्हणजे ही!

आचार्य : पाण्याबाबत यू यांचे म्हणणे मी शिरसावंद्य मानतो. पण त्यांच्याच छिनहुआंगदाओ येथील कामाकडे बघू. थांग नदीच्या काठाने, आधीची झाडी न तोडता, त्यांनी ५०० मीटर लांबीची एक लाल वस्तू नेली. ती बाकही आहे, दिवाही आहे, आणि वाट दाखविणारी रेषाही आहे. झाड आले की वळते, पुन्हा पाण्याकडे येते. आता सूचौच्या बागेतल्या लांगची, म्हणजे त्या लांबच लांब छपरीवाटेची आठवण करा. तीही जमिनीच्या चढउताराप्रमाणे वळते, कोठे पाण्यावरून जाते, कोठे भिंतीला टेकते, आणि तिच्या कठड्यावर कोठेही बसता येते. यू यांनी छप्पर आणि खांब काढून टाकले आणि लांग तेवढी ठेवली. परंपरेला शिव्या देणाऱ्याच्या हातूनच ती इतकी सहज चालावी, याची मला तर मौज वाटते.

रावसाहेब : ही ओढाताण आहे. नदीकाठचा प्रत्येक बाक आपण उद्या सूचौचा वारस ठरवाल.

आचार्य : बरे, ओढाताण म्हणा. पण मग यू यांचा मुख्य आरोप घ्या, की बागेने शेतकऱ्याला आणि मजुराला बाहेर ठेवले. हे लौ श्युआनचे छप्पर कोणत्या राजवाड्याचे आहे? ते राजवाड्याचे नाहीच. सोंगच्यांगपासून च्याशिंगपर्यंतच्या पट्ट्यात शेतकऱ्यांच्या घरांची आढी मध्ये खोलगट आणि टोकांना उचललेली अशी वाकलेली असत. ती घरे झपाट्याने नाहीशी होत आहेत हे फेंग यांनी पाहिले आणि तोच वाकलेला आढ्याचा आकार त्यांनी चहाघराला दिला. ज्या बागेत विद्वानांचा मंडप यायचा तेथे कुणब्याचे घर आले, आणि तेही गरिबासारखे कोपऱ्यात अंग चोरून नव्हे. त्याच उद्यानात शांघाय शहरातून हलवून आणलेले सागरदेवतेचे छिंगकालीन मंदिर आहे. चहाघराच्या जोत्याचा पसारा फेंग यांनी त्या मंदिराच्या तोडीचा ठेवला. देवतेला जेवढी जागा तेवढीच गवती छपराला. यू यांचा झोंगशानचा कारखाना बागेत येण्याच्या पंधरा वर्षे आधीची ही गोष्ट.

रावसाहेब काही वेळ बोलले नाहीत. त्यांना उत्तर सुचत नव्हते असे नव्हे. समोरच्याचा मुद्दा खरा असला तर तो मान्य करण्यापूर्वी त्यातली खर्चाची बाजू तपासावी, ही त्यांची खात्यातली सवय आहे.

रावसाहेब : आशयाचे आपण जिंकलात. आता वस्तूकडे या. बांबूला भुंगा लागतो, कारण त्यातल्या पिष्टावरच तो जगतो, गवत कुजते, त्या प्रांतात पाऊस आणि दमटपणा दोन्ही सढळ. अशा छपराची शाकारणी पुनःपुन्हा करावी लागणार आणि वासेही बदलावे लागणार. वास्तुविशारद पेई यांचे तसे नाही. सूचौच्या संग्रहालयात त्यांनी २००६ साली पांढऱ्या भिंतीपुढे दगडाचे उभे काप रांगेने ठेवून डोंगराचे चित्र उभे केले आणि पाण्यात पोलाद आणि काच यांचा मंडप बसविला. झाडून पुसून घेतला की झाले. उलट चीनहुआ शहरातल्या नदीकाठी कलावंत आय वेवे यांच्या संयोजनाखाली देशोदेशींच्या वास्तुविशारदांकडून सतरा छोट्या वास्तूंचे जे उद्यान करविले, त्यात वांग शू यांच्यासारखा पुढे प्रित्झकर पारितोषिक मिळालेला मनुष्यही होता, आणि तरीही त्यांतल्या किती वास्तू ओस पडून जीर्ण झाल्या! नवे मंडप बांधायला पैसा मिळतो, आचार्य. राखायला मिळत नाही.

आचार्य : त्या वास्तू ओस का पडल्या आणि हे गवत का टिकले, याचे उत्तर सामानात नाही. चीनहुआला मंडप आधी झाले आणि त्यांत कोणी काय करायचे हे कोणी ठरविलेच नाही. इकडे सोंगच्यांगची म्हातारी माणसे सकाळी येतात, स्वस्तातला चहा घेतात, पत्ते कुटतात, दुपार होईतो गप्पा मारतात. छप्पर गळू लागले तर त्यांच्या पेल्यात गळते. तक्रार आपोआप होते, दुरुस्तीही होते. पेई यांच्या काचेच्या मंडपात पत्त्यांचा डाव मांडून दाखवा, मग तुलना करू.

रावसाहेब : मग अंदाजपत्रकात चहावाल्याचा पगार घाला. मी गंमत करीत नाही. वास्तुविशारदाचे मानधन एकदाच द्यायचे असते, शाकारणी करणारा कारागीर मात्र दर काही वर्षांनी लागणार, आणि आमच्या हिशेबात त्याला खातेच नसते. संबंध छप्पर उतरवून नवे घातले तर ती दुरुस्ती धरायची की नवे बांधकाम? दुरुस्ती म्हटली तर रक्कम मर्यादेबाहेर जाते. नवे बांधकाम म्हटले तर नव्याने मंजुरी, नव्या निविदा, आणि तोवर दोन पावसाळे. असल्या घोळात लाकडी वास्तू मरतात. कलेच्या अभावी नव्हे.

आचार्य : हा घोळ चीनमध्ये नऊशे वर्षांपूर्वीही होता. सोंग दरबारच्या ‘यिंगत्साओ फाशी’ या ग्रंथाचे नाव आपण ऐकले असेल. सगळे त्याला स्थापत्यकलेचा ग्रंथ म्हणतात. वस्तुतः ती सरकारी दरसूची आहे. १०९१ साली झालेल्या आधीच्या आवृत्तीत सामानाच्या मापाला आणि मजुरीला काही धरबंध नव्हता, वाटेल तशी बिले निघत, म्हणून १०९७ मध्ये ली जिए या अधिकाऱ्याला हुकूम झाला की नवी करा. ११०३ मध्ये ती छापून सरकारी कचेऱ्यांत गेली. तुळईचा छेद केवढा, कोणत्या सांध्याला किती मजुरी, उन्हाळ्याचा दिवस मोठा म्हणून त्याचे काम जास्त धरायचे आणि हिवाळ्याचा लहान म्हणून कमी, हे सारे त्यात आहे. तेरा प्रकारच्या कारागिरीचे दर आणि मोजमाप. त्यांत बांबूच्या कामाचे प्रकरण वेगळे.

रावसाहेब : बांबूचे वेगळे प्रकरण? दरसूचीत?

आचार्य : दरसूचीत.

रावसाहेब : हे आपण आधी सांगायला हवे होते. त्या प्रकरणाची प्रत मला मिळवून द्या. सावली, पाणी आणि वळचणीखालचे दृश्य यांविषयी मागाहून बोलू.